जपानी रोगणाच्या पेट्या आणि युरोपीय ‘नक्कल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अठराव्या शतकातील युरोपीय रोगणी पेट्या ही जपानी कामाची स्वस्त नक्कल आहे आणि त्यांचे कौतुक करणे हा मूळ कारागिरांवरचा अन्याय आहे, असे आपण लिहिले आहे. आपली कळकळ मला पटते, निष्कर्ष मात्र पटत नाही.

जपानी काम उरुशीच्या झाडाच्या चिकावर उभे आहे. हा चीक दमट हवेत, त्यातल्याच विकराच्या क्रियेने घट्ट होतो आणि एकेक पातळ थर वाळवून, घासून, त्यावर पुन्हा थर चढवत ते काम महिनोन्‌महिने चालते. युरोपातल्या कारागिराला हे झाड उपलब्ध नव्हते, म्हणून त्याने भारतातून येणारी लाख मद्यार्कात विरघळवून वेगळीच रीत बसवली. जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर यांनी १६८८ मध्ये इंग्लंडमध्ये या रीतीवर सविस्तर पुस्तकच छापले. दुरून पाहिलेले रूप आपल्या हाताशी असलेल्या द्रव्यात उतरवण्याची ही धडपड होती, आणि तिच्यातून निघालेल्या कामात मला स्वतंत्र कौशल्य दिसते.

शिवाय जपानी पेट्याही परकीय मागणीपासून अलिप्त नव्हत्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापारी आणि जेझुइट पाद्री यांच्यासाठी तिथल्या कारागिरांनी घुमटाकार झाकणांच्या, शिंपल्याच्या जडावकामाच्या पेट्या आणि ख्रिस्ती ग्रंथपीठे घडवली. गोवा हे त्या सागरी मार्गावरचे मोठे ठाणे होते.

अन्याय झाला तो दुसरीकडे. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी अस्सल जपानी कपाटे मोडली, त्यांवरचा रोगणाचा थर पातळ फळीसह कापून काढला आणि फ्रेंच फर्निचरच्या वळणदार अंगावर बसवला. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या १७८० मधील निधनानंतर त्यांची मुलगी, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याकडे आलेल्या छोट्या जपानी पेट्या अखंड राहिल्या आणि त्यांपैकी अनेक आज लूव्र आणि व्हर्साय येथे पाहता येतात; मोठ्या कपाटांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले. बर्नार व्हान रिझेनबर्ग या सुताराचा ठसा अशा फर्निचरवर सापडतो, पण ज्यांच्या हातचे सोनेरी डोंगर आणि पाखरे त्याने त्यावर चढवली त्या जपानी कारागिरांचे नाव त्यावर नसते. आपला आक्षेप या फर्निचरवर असता, तर मी तो शब्दशः मान्य केला असता.