रत्नागिरीचे ११२२, मुंबईचे ८३२

गेले काही दिवस कोकणातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६, आणि मुंबई शहरात फक्त ८३२. म्हणजे कोकणी माणसाला मुलगी जड होत नाही, मुंबईकराला होते. आकडे सरकारी, त्यामुळे वादाला जागा नाही. आणि बायकाच जास्त म्हटल्यावर घरात शब्दही बाईचाच चालतो.

आकडे खरे आहेत. माझा वाद त्यातल्या 'म्हणजे'शी आहे.

२०११ मध्ये जनगणनेचे प्रगणक आले, त्या दिवशी मी आजोळी होतो, कुडाळजवळच्या वाडीत. "घरात कोण कोण असतं?" मामी पडवीतूनच म्हणाली, "मी, सून आनि नातू. घोव नि झील मुंबयक." माणूस नेहमी जिथे राहतो तिथेच मोजायचा, हा नियम. मामा आणि मामेभाऊ इथे वजा झाले, तिकडे मिळवले गेले. वाडीतल्या बहुतेक घरांची गोष्ट हीच, आणि ती गिरण्यांच्या काळापासूनची. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. एवढी माणसं बाहेर पडत असताना उरलेल्यांचं गुणोत्तर मुलींवरच्या मायेचं माप कसं होईल? इथले ११२२ आणि तिथले ८३२ या दोन संस्कृती नाहीत. बऱ्याच अंशी त्याच चाकरमान्यांची ती जमा आणि वजा आहे.

एखादं विधान खरं आहे का हे बघायचं, तर ते जिथे खोटं ठरू शकेल तिथे नेऊन बघावं लागतं. नोकरीसाठी गाव सोडणाऱ्यांचा फरक जिथे फारसा पडत नाही, असा वयोगट आहे: शून्य ते सहा वर्षं. तिथे रत्नागिरीत दर हजार मुलग्यांमागे ९३६ मुली, सिंधुदुर्गात ९२२. निसर्गतः जन्माला येताना हे प्रमाण साधारण ९५० असतं. राज्याचा आकडा ८९४ होता, तेव्हा कोकण त्या मानाने बरं आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण हजाराच्या वरचा आकडा इथे कुठेच नाही. शिवाय २००१ मध्ये हेच आकडे ९५२ आणि ९४४ होते. सिंधुदुर्गात दहा वर्षांत हजारामागे बावीस मुली कमी झाल्या, आणि अभिमानाच्या या मजकुरात नेमकं तेच झाकलं जातं. मला याचाच राग येतो.

'सरकारी आकडा आहे' याला एवढंच उत्तर: मोजणी सरकारची, अर्थ मजकूर लिहिणाऱ्याचा.

राहिला बाईचा शब्द. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये तिथल्या १९३० च्या जनगणनेवरून एक गोष्ट दाखवली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त दिसत होती. व्यक्तीगणिक पाहिलं, तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये साक्षरता थोडी कमीच होती. ते लोक मुळात जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, इतकंच. जिल्ह्याच्या आकड्यावरून घरातलं सांगायला गेलं की अशीच फसगत होते. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, पैसे कुणाच्या खात्यात, हे घरोघर विचारल्याशिवाय कळणार नाही. माझ्या मामीच्या एका घरावरूनही कोकण सांगता येणार नाही.

पण निदान त्या घरातलं मी पाहिलंय. काजूची बाग एका वर्षासाठी द्यायची होती. खत घालणारी, राखण करणारी मामीच. व्यापारी खळ्यात उभा होता, आणि मामी मुंबईचा फोन लागायची वाट बघत होती.