गाडीची मर्यादा बंदुकीला लावू नका

दारू आणि बंदूक यांवरच्या तुमच्या लेखातलं बाकी सगळं पटलं, पण ‘गाडी चालवण्याच्या मर्यादेत (म्हणजे गाडी चालवताना रक्तात चालणाऱ्या दारूच्या प्रमाणात) असाल तर कमरेला पिस्तूल असायला हरकत नाही’ हे वाक्य खटकलं. दारू हाताआधी डोक्यावर काम करते. बोटं थरथरायच्या कितीतरी आधी सावधपणा सुटतो, आणि वर ‘मी एकदम ठीक आहे’ असंही वाटायला लागतं. मग स्वतःची परीक्षा स्वतः घेणार कशी? एरवी हसून सोडून दिलेल्या टोमण्यावर दोन पेगनंतर माणूस अंगावर धावून जातो. कमरेला काही नसेल तर प्रकरण बहुतेक वेळा शिवीगाळीवर मिटतं.

थोडी घेतली की नेम स्थिर राहतो, हा समज जुना आहे. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या हान्स-गुन्नर लिल्येनवालने पिस्तूल फेरीआधी मन शांत करायला दोन बिअर घेतल्याचं सांगितलं, आणि चाचणीत दारू सापडल्याने अख्ख्या संघाचं कांस्यपदक गेलं!

लेखात सुटलेली गोष्ट म्हणजे साफसफाई. शेजारी ग्लास ठेवून बंदूक पुसत बसणारे कमी नाहीत. मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढलं पण चेंबरमधली, म्हणजे नळीत चढलेली, गोळी राहिली, ही चूक न पिता सुद्धा होते. आधी बंदूक रिकामी करून कुलपात, बाटली त्यानंतर. आणि बैठक उशिरापर्यंत रंगली असेल तर सकाळीही कुलूप उघडायची घाई नको. शरीर तासाला साधारण एका लहान पेगइतकीच दारू जिरवतं, कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने तो वेग वाढत नाही.