‘कर्ज काढा, फिजिओथेरपी करा, वर्षात फेडा’: या हिशेबात काय चुकतं

बारावीचा निकाल लागला की इंदूरमधल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. मुलीला बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला घाला, सहा-सात लाखांच्या कर्जाला घाबरू नका, ते वर्षात फिटतं. शिकताना एक पैसा भरावा लागत नाही, व्याजावर करसवलत मिळते. दिवसाला दहा घरगुती व्हिजिट केल्या तरी महिन्याला दीड लाख सुटतात, आणि अमेरिकेत तर वर्षाला 85 लाख, तिथले विद्यार्थी कर्ज सहज फेडतात. मी याच गावात फिजिओथेरपी करते आणि मला हे काम मनापासून आवडतं. म्हणूनच हा मजकूर वाचून कोणी बँकेत सह्या करायला निघालं की मला गप्प बसवत नाही.

‘शिकताना एक पैसा भरावा लागत नाही.’ हप्ता नसतो हे खरं, पण व्याज पहिल्या रकमेपासूनच चढत असतं. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य-व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या 2025 च्या अभ्यासक्रमानुसार बीपीटी आता इंटर्नशिप धरून पाच वर्षांची आहे, आणि बँका साधारणपणे त्यावर आणखी एक वर्ष थांबतात. म्हणजे सहा वर्षं. समजा चार वर्षं दरवर्षी दीड लाख उचलले आणि व्याज 10 टक्के सरळव्याजाने लागलं, तर पहिला हप्ता भरण्याआधीच 2 लाख 70 हजार व्याज साचतं. सहा लाखांचे 8 लाख 70 हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे साडेअकरा हजारांचा हप्ता. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता साडेनऊ हजारांच्या आत येतो, पण बँकेला एकूण जवळजवळ 17 लाख जातात.

आता हा हप्ता पगाराशेजारी ठेवून पाहा. माझ्या पाहण्यात इथल्या खासगी दवाखान्यांत नव्या पदवीधराची सुरुवात बारा ते अठरा हजारांवर होते. साडेअकरा हजार गेल्यावर त्या मुलीने पेट्रोल कशात भरायचं? मास्टर्स करायचं ठरवलं तर आणखी दोन वर्षं, आणखी फी.

‘रोज दहा व्हिजिट.’ हे कागदावर फार सोपं दिसतं. अर्धांगवायूच्या पेशंटला नीट उभं करायचं, चालवायचं, घरच्यांना व्यायाम समजावायचे म्हणजे पाऊण तास हवाच. दहा पेशंटचे साडेसात तास झाले, आणि सुदामानगरहून विजयनगर, तिथून राजेंद्रनगर हा रस्ता त्यात धरलेलाच नाही. शिवाय नव्या मुलीला दहा घरं देणार कोण? ती ऑर्थोपेडिक आणि न्यूरो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, आणि तो विश्वास कमवायला वर्षं लागतात. आणि गुडघा बदललेल्या आजी दोन-तीन महिन्यांत जिना चढू लागल्या की त्यांचं काम संपतं, संपायलाच हवं. पेशंट बरा झाला की आपलं एक घर कमी होतं. दिवाळीत व्हिजिट रद्द होतात, पावसाळ्यात होतात, स्वतः तापाने पडलं की त्या दिवशी शून्य. चांगले कमावणारे फिजिओथेरपिस्ट इंदूरमध्ये आहेत, पण ते पहिल्या वर्षी तिथे पोचलेले नाहीत, आणि हप्ता तर ते वर्ष संपताच सुरू होतो.

अमेरिकेचा आकडा खोटा नाही. तिथल्या श्रमखात्यानुसार मे 2024 मध्ये फिजिकल थेरपिस्टचं (फिजिओथेरपिस्टचं तिथलं नाव) मध्यक, म्हणजे बरोबर मधलं, वार्षिक उत्पन्न 1,01,020 डॉलर होतं. पण तिथे या व्यवसायाची पदवी आता डॉक्टरेट पातळीची आहे. आपल्या बीपीटीचं विषयवार मूल्यमापन होतं, कमी पडलेले विषय भरून काढावे लागतात, मग एनपीटीई ही तिथली परवान्याची परीक्षा, राज्याचा परवाना आणि त्यानंतर व्हिसा. सप्टेंबर 2025 मध्ये तर देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. इतकं शुल्क भरून नवख्या मुलीला कोणता दवाखाना बोलावेल? आणि ‘तिथले विद्यार्थी कर्ज सहज फेडतात’ हेही खरं नाही. त्यांच्याच व्यावसायिक संघटनेच्या 2020 च्या अहवालात कर्जदारांवरचं सरासरी शैक्षणिक कर्ज सुमारे 1 लाख 42 हजार डॉलर निघालं, म्हणजे वर सांगितलेल्या वर्षाच्या उत्पन्नापेक्षाही जास्त. तिथेही हा काळजीचाच विषय आहे.

करसवलतीबद्दल एवढंच: व्याजावरची ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि महिना पंधरा हजार कमावणाऱ्या मुलीला कर लागतच नाही, मग सवलत कशावर मिळणार?

एक गोष्ट मात्र त्या मजकुरात यायला हवी होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि संस्थेला नॅकची (महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेची) मान्यता असेल, तर शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. फी भरण्याआधी बँकेत हे विचारा. सवलत बसत नसेल तर निदान महिन्याचं व्याज भरत चला. वरच्या उदाहरणात ते पहिल्या वर्षी महिना 1,250 रुपये आणि चौथ्या वर्षापासून 5,000 असेल. मग दहा वर्षांचा हप्ता साडेअकराऐवजी आठ हजारांच्या आत राहतो.

तोही मला जड वाटतो. मला कोणी विचारलं तर मी सांगते की हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शात बसावा. सोळा हजारांवर म्हणजे चार हजार, आणि चार हजारांत व्याज भरत आणलेलं तीन लाखांचंच कर्ज बसतं. फी त्यापेक्षा जास्त असेल तर वरची रक्कम घरातून येणार आहे का, हे सहीच्या आधी मुलीला समोर बसवून बोला.