गाडी की गडी? कट्ट्यावर न हरण्याची रीत

फॉर्म्युला वनची (एफ-वन) युरोपातली शर्यत असली की आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते आणि साडेआठपर्यंत निकाल लागतो. म्हणजे नऊच्या सुमाराला मिरजकर तिकटीवर चहा घेताना, शर्यत गाडीनं जिंकली की ड्रायव्हरनं, यावर तुमचं एक ठाम मत तयार असलं पाहिजे. शर्यत बघितलीच पाहिजे असं काही नाही. मत मात्र पाहिजे. बिनमताचा माणूस आणि बिनकटाची मिसळ कोल्हापुरात कुणी दुसऱ्यांदा मागवत नाही.

मत बनवायला एकच सूत्र पुरतं. जिंकलेला ड्रायव्हर आपला असेल तर ते हाताचं कसब. दुसऱ्याचा असेल तर, ‘भावा, गाडी बघ की त्येची!’ बाकी सगळं तपशिलाचं काम.

समजा, तुम्हाला मॅक्स व्हेरस्टापेन आवडत नाही. मग २०२३ हे साल तुमच्यासाठीच घडलंय. बावीस शर्यती, त्यातल्या एकवीस त्याच्या रेड बुल टीमच्या. खुशाल म्हणा, ‘त्या गाडीत माझ्या आजीला बसवलं असतं तरी पोल (सगळ्यात पुढून निघायची जागा) घेतली असती.’ आजीला कट्ट्यावर कुणी विरोध करत नाही. फक्त त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीत सर्जिओ पेरेझ नावाचा माणूस बसत होता, हे आपण होऊन सांगू नका. तेच इंजिन, तेच टायर, तेच मेकॅनिकांचं घराणं. व्हेरस्टापेनच्या १९ शर्यती, पेरेझच्या २. गुण ५७५ आणि २८५. आजीचा नंबर यांच्यात कुठं लागला असता, असं कुणी विचारलंच तर शांतपणे म्हणा, ‘गाडी त्याच्या हाताच्या मापानंच बनवतात.’ हे निम्मं खरंही आहे. स्टिअरिंगला हात लावायचा अवकाश की नाक आत वळावं आणि मागची बाजू सैल राहावी, अशी गाडी त्याला चालते. दुसऱ्यांना तिच्यात घाम फुटतो. २०१९मध्ये पिअर गॅसली त्या टीममध्ये बारा शर्यती टिकला, २०२५मध्ये लिअम लॉसन दोन. पण मग जी गाडी इतरांना फेकून देते ती गाडी ‘चांगली’ कशी, हा प्रश्न पुढं येतो. तो येण्याआधी दुसरा चहा मागवा.

आणि व्हेरस्टापेन तुमचा असेल तर? मग २०२३ विसरा, २०२४ पाठ करा. त्या वर्षी टीमचं विजेतेपद मॅक्लारेनला गेलं, रेड बुल तिसरी आली आणि तरीही ड्रायव्हरांत पहिला हाच. ब्राझीलच्या पावसात सतराव्या जागेवरून निघून जिंकला. एकाच माणसाची लागोपाठची दोन सालं दोन्ही पार्ट्यांना पुरतात. अशी सोय राजकारणात सोडली तर दुसरीकडं मिळत नाही.

गाडीवाल्या पार्टीला सगळ्यात चांगला दारूगोळा जेन्सन बटनचा. २००८मध्ये होंडाच्या गाडीत त्याला वर्षभरात तीन गुण मिळाले. डिसेंबरात होंडानं गाशा गुंडाळला, रॉस ब्रॉननं टीम घेतली, मर्सिडीझचं इंजिन बसवलं आणि २००९च्या पहिल्या सातपैकी सहा शर्यती त्याच बटननं जिंकल्या. वर्षाअखेरीला जगज्जेता. माणूस तोच, हात तेच. बदललं ते गाडीच्या बुडाखाली. गाडीखालून येणारी हवा मागं पसरत जाते त्या उताराला डिफ्युझर म्हणतात. तो जितका उंच, तितकी बुडाखालची हवा जोरात ओढली जाते आणि गाडी रस्त्याला चिकटते. नव्या नियमानं त्याची उंची बांधून दिली होती. ब्रॉनच्या माणसांनी नियमाची फट शोधून वर दुसरा मजला चढवला. बिल्डरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं रंगवून सांगा आणि तिथंच थांबा. कारण तोच दुमजली डिफ्युझर त्या मोसमाच्या सुरुवातीला टोयोटाकडं होता आणि विल्यम्सकडंही. त्या वर्षी दोघांना मिळून एकही शर्यत जिंकता आली नाही. आणि बटनच्याच टीममधल्या रुबेन्स बारिकेलोला दोन मिळाल्या, बटनला सहा.

समोरचा मायकेल शूमाखरचा भक्त असेल तर त्याला २००४चं बोलू द्या. अठरापैकी तेरा शर्यती, सातवं विजेतेपद. त्याचा श्वास संपला की विचारा, ‘आणि २०१० ते १२?’ मर्सिडीझमध्ये तीन वर्षांत एकदाच तिसरा आला, बस्स. तो वयाचं कारण देईल. फर्नांडो अलोन्सोच्या भक्ताला तेही जमत नाही. दोन वेळचा जगज्जेता, कसबाबद्दल शत्रूही शंका घेत नाही, आणि २०१५मध्ये मॅक्लारेन-होंडात वर्षभरात अकरा गुण. पुढं २०२३मध्ये ॲस्टन मार्टिनची गाडी जरा बरी मिळाली, तर बेचाळिशीला टेकून आठ वेळा पहिल्या तिघांत. वय वाढलं आणि निकाल सुधारला. दुधात पाणी किती आणि म्हैस कशी, हे दोन प्रश्न वेगळे असतात, एवढं तरी गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाच्या कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला कळायला हरकत नाही.

फँजिओचं नाव कुणी काढलं तर सावध व्हा. पन्नासच्या दशकात पाच विजेतेपदं, तीही अल्फा रोमिओ, मर्सिडीझ, मासेराटी आणि फेरारी अशा चार घरांच्या गाड्यांत. गाडीवाले म्हणतील, त्याला चांगली गाडी आधीच हुंगता यायची. हातवाले म्हणतील, ती हुंगण्याची अक्कल म्हणजेच कसब. इथं दोघंही एकच गोष्ट बोलतायत हे लक्षात आणून देऊ नका, रात्र वाया जाईल.

आपल्याकडं खरं म्हणजे हा वाद फार पूर्वीच मिटलाय, पण बैलगाडीपुरता. शर्यत जिंकल्यावर चौकात फ्लेक्स लागतो त्यात बैल सगळ्यात मोठा. त्याच्याखाली मालक, गॉगलसकट. मग शुभेच्छुकांच्या रांगा. गाडी हाकणारा कुठंतरी कोपऱ्यात, पासपोर्ट आकारात, तोही फ्लेक्सवाल्याला जागा उरली तर. एफ-वनमध्ये नेमकं उलटं. फ्लेक्सवर ड्रायव्हर, आणि हजारभर माणसं कारखान्यात राबून जी जनावरं तयार करतात त्यांना नावाऐवजी नंबर. कुस्तीत तर आपण आणखी पुढं गेलोय. खासबागेच्या आखाड्यात दोघांना एकच माती, पण एकाच्या मागं नामी वस्ताद, तूप-बदाम-थंडाईचा खुराक आणि तालमीतली चाळीस जोडीची पोरं. दुसऱ्याच्या मागं उधारी. पहिला जिंकला तर ‘खुराकानं जिंकला’ असं म्हणायची हिंमत गंगावेश तालमीसमोर उभं राहून करून बघा.

आता एक धोक्याची सूचना. हा वाद बऱ्यापैकी सोडवण्याची एक पद्धत आहे. ती नीट समजून घ्या, म्हणजे चुकूनही वापरली जाणार नाही.

वेगवेगळ्या टीमच्या ड्रायव्हरांची तुलना करायचीच नाही, फक्त एका टीममधल्या दोघांची करायची. शर्यतीचा निकालही घ्यायचा नाही. शर्यतीत पेट्रोलचं वजन असतं (दहा किलोला लॅपमागं, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीमागं, साधारण ०.३ सेकंद), टायर किती लॅप जुना आहे ते असतं, पुढच्या गाडीच्या गरम, ढवळलेल्या हवेत अडकल्यावर निसटणारी पकड असते, आणि अपघात झाला की सगळ्यांना हळू चालायला लावणारी, नको तेव्हा येणारी सेफ्टी कार असते. म्हणून क्वालिफाइंगची, म्हणजे शर्यतीआधी सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या सत्रांतली वेळ घ्यायची. तीही एकाच सत्रातली, कोरड्या ट्रॅकवरची, दोघांनाही मोकळी लॅप मिळाली असेल तरच. सत्राच्या शेवटी ट्रॅकवर रबर बसलेलं असतं, त्यामुळं एकानं सुरुवातीला आणि दुसऱ्यानं शेवटच्या मिनिटाला वेळ लावली असेल तर ती जोडी बाद. फरक सेकंदात ठेवायचा नाही, टक्क्यात काढायचा. स्पाचा ट्रॅक सात किलोमीटरचा, मोनॅको सव्वातीनच्या थोडा वर, दोन्हीकडचे ०.२ सेकंद सारखे नसतात. वर्षभराचे असे फरक ओळीनं मांडून मधला आकडा उचलायचा. सरासरी काढली की एखाद्या दिवसाची घसरगुंडी सगळा हिशेब बिघडवते.

एवढं करूनही दोघांच्या गाड्यांवर तेच भाग होते का, हे बघावं लागतं. २०१०मध्ये सिल्व्हरस्टोनला रेड बुलकडं नवी फ्रंट विंग (गाडीचा पुढचा पंख) एकच उरली, ती मार्क वेबरच्या गाडीवरून काढून टीममधल्याच सेबास्टियन वेटेलला दिली. जुन्या विंगवर शर्यत जिंकली वेबरनं.

मग लोक साखळी लावतात. निको रोसबर्गनं मर्सिडीझमध्ये शूमाखरला तीन वर्षं मागं ठेवलं, पुढं त्याच टीममध्ये लुईस हॅमिल्टननं रोसबर्गला चारपैकी तीन वर्षं. झाला हॅमिल्टन शूमाखरपेक्षा मोठा. या साखळीत २०१०चा शूमाखर एकेचाळीस वर्षांचा आणि तीन वर्षं घरी बसून आलेला होता, ही कडी गंजलेली. आणि तीच साखळी बटनकडं वळवली तर आणखी गंमत. २०१० ते १२ ही तीन वर्षं मॅक्लारेनमध्ये एकत्र काढताना बटनचे गुण ६७२, हॅमिल्टनचे ६५७. त्यातली दोन वर्षं मात्र हॅमिल्टन पुढं. बघा, पद्धतशीर गेलं की माणूस कसा गप्प होतो ते. म्हणूनच उद्यमनगरातल्या लेथवाल्याला या वादात कधी घेऊ नका. तो ‘जास्त-कमी’ ऐकून घेत नाही. कशानं मोजलं, किती मायक्रॉन, गरम असताना की गार झाल्यावर, असं विचारतो आणि सगळ्यांचा रविवार नासवतो.

शेफील्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१६ साली असाच रविवार नासवला. १९५० ते २०१४ पर्यंतचे निकाल घेऊन त्यांनी हिशेब मांडला, तर ड्रायव्हराड्रायव्हरांमधल्या फरकाचा ८६ टक्के भाग टीमच्या वाट्याला गेला. गाडीवाल्यांनी हा आकडा तोंडपाठ करावा. त्याच अभ्यासात पावसात आणि शहरातल्या रस्त्यांवर टीमचा वाटा घटतो, आणि गाडी वजा केल्यावर यादीत पहिला फँजिओच येतो. हे हातवाल्यांनी तोंडपाठ करावं. दोघांनी पूर्ण वाचू नये.

देशाभिमानाचा मुद्दा निघेलच. आपला नारायण कार्तिकेयन २००५मध्ये अमेरिकेत चौथा आला, पाच गुण मिळवले. चौथा म्हणा आणि लगेच विषय बदला. त्या दिवशी मिशेलिनचे टायर धोक्याचे ठरले म्हणून चौदा गाड्या सुरुवातीलाच बाहेर पडल्या आणि शर्यतीत उरल्या सहा, हा भाग अनावश्यक आहे. पण तोच माणूस २०१२मध्ये एचआरटी टीमच्या गाडीत ऑस्ट्रेलियाला क्वालिफाइंगच्या पहिल्या सत्रातल्या सगळ्यात जलद वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत येऊ शकला नाही आणि त्याला शर्यतीतच घेतलं नाही, याला मात्र शंभर टक्के गाडी जबाबदार. तुम्हीच बघा, सूत्र किती उपयोगी आहे ते.

पैशाच्या बाबतीत मात्र जपून. २०२१पासून टीमच्या वार्षिक खर्चाला मर्यादा आहे. २०२३साठी मूळ आकडा साडेतेरा कोटी डॉलर. त्यातून काही खर्च वगळलेत, आणि त्यात ड्रायव्हरांचा पगार आहे. म्हणजे बोल्ट, विंग, संगणक सगळं मोजून-मापून, आणि स्टिअरिंगमागच्या माणसाला मात्र हवे तेवढे कोटी. ही माणसं काही दानधर्माला बसलेली नाहीत. गाडीच सगळं करत असती तर त्यांनी तुमच्या आजीला कधीच उचललं असतं. तेवढ्या पैशात आजीनं गाडी चालवली असती आणि मेकॅनिकांना पांढरा रस्साही करून घातला असता.

उलट बाजूनं, ड्रायव्हरच सगळं करत असता तर सगळ्यात वर आलेल्या टीमला पुढच्या वर्षी वाऱ्याच्या बोगद्यात (गाडीवर हवेचा झोत सोडून चाचणी करतात तिथं) कमी वेळ द्यायची कुणाला गरज वाटली नसती. २०२२पासून पहिल्या टीमला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के आणि खाली प्रत्येक पायरीला पाच-पाच टक्के जास्त, असा नियम आहे. रतीब घटवायचा तो म्हशीचा, गवळ्याचा नाही.

कुणीतरी शेवटी म्हणेलच, ‘गाड्या बदलून बघा ना एकदा.’ बघितल्यात. डिसेंबर २०२०मध्ये हॅमिल्टनला कोविड झाला आणि बहारीनमधल्या साखीरच्या शर्यतीला मर्सिडीझनं जॉर्ज रसेलला बसवलं. तोवर विल्यम्समध्ये दोन वर्षं त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. पाय पेडलपाशी मावेनात म्हणून एक नंबर लहान बूट घातले. क्वालिफाइंगमध्ये मर्सिडीझच्याच दुसऱ्या गाडीतल्या बोटासपेक्षा ०.०२६ सेकंदानं मागं दुसरा, आणि शर्यत सुरू होताच पुढं. मग पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबतात तिथं, टीमनं त्याला बोटासचे टायर बसवले, पुढं एक पंक्चर झाला आणि तो नववा आला. यातून काय सिद्ध झालं ते ज्यानं त्यानं आपापल्या सूत्रानं ठरवावं.

तुम्हाला स्वतः प्रयोग करायचा असेल तर कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. जाताना तयारी ठेवा. भाड्याच्या कार्टला मागं अखंड ॲक्सल असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरेन्शियल नसतं; वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच कार्ट वळते, नाहीतर सरळ जाऊ पाहते. त्यासाठी आधी सरळ रेषेत ब्रेक, मग स्टिअरिंग, मग हळूहळू ॲक्सिलरेटर. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले की क्लच जळतो आणि ट्रॅकवाला ओरडतो. पहिल्या दोन लॅप टायर गार असतात. हे सगळं मित्राला सांगू नका.

मित्र तरीही पुढं गेला, तर कार्ट खराब. दुसऱ्या फेरीला त्याची कार्ट मागा आणि तुमची त्याला द्या. त्याही कार्टमध्ये तो पुढं गेला, तर फरक वजनाचा. एफ-वनमध्ये ड्रायव्हर आणि सीट मिळून ठरलेलं किमान वजन भरावं लागतं, इथं तसली काही सोय नाही, हे ठणकावून सांगा. मग बाहेर येऊन दोघांनी काट्यावर उभं राहा. त्याचं वजन तुमच्यापेक्षा आठ किलो जास्त निघालं, तर काटा बिघडलाय.