पोलीस थेट मालमत्ता सरकारजमा करू शकतात का? व्हायरल मजकुराबाबत खुलासा

“नव्या कायद्यानुसार पोलीस कोर्टाला न विचारता कोणाचेही घर, जमीन, ट्रॅक्टर सरकारजमा करू शकतात,” असा मजकूर सध्या सांगली, मिरज व तासगाव परिसरातील व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत आहे. तो खरा नाही.

हा नवा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०७ नुसार एखादी मालमत्ता गुन्ह्यातून मिळाल्याचे सबळ कारण तपास अधिकाऱ्यास वाटल्यास, त्याला आधी पोलीस अधीक्षकांची (आयुक्तालयात आयुक्तांची) मंजुरी घेऊन न्यायालयात अर्ज करावा लागतो. न्यायालय संबंधितास १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस काढू शकते आणि म्हणणे ऐकून जप्तीचा आदेश देते. नोटिशीमुळे मालमत्ता हातची जाईल असे दिसल्यास एकतर्फी अंतरिम (म्हणजे संबंधिताचे म्हणणे ऐकण्याआधीच, तात्पुरती) जप्ती होऊ शकते, पण तीही न्यायालयाच्याच आदेशाने. पुढे गुन्ह्यातून मिळालेली ही मालमत्ता जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आधी गुन्ह्याची झळ बसलेल्यांना वाटली जाते आणि दावेदार नसेल किंवा काही शिल्लक उरले, तरच ते सरकारजमा होते. मजकुरात नेमके हेच गाळले आहे.

चोरीचा किंवा संशयास्पद माल पोलीस कलम १०६ खाली स्वतःहून ताब्यात घेऊ शकतात, हे खरे. मात्र त्याचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो. याच तरतुदीच्या जुन्या रूपाखाली, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली, स्थावर मालमत्ता (घर, जमीन) जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात २०१९ मध्ये स्पष्ट केले होते.

राहिला ट्रॅक्टर. वाळूच्या अवैध वाहतुकीत तहसीलदार वाहन पकडतात, ते महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली. त्याचा या नव्या कायद्याशी संबंध नाही.