शेवट गोड केला असता तर पुस्तक पडलं असतं

आधीच सांगते, स्पॉयलर आहेत. नंतर कमेंटमध्ये ओरडू नका.

फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरिअल्स' या कादंबरीत्रयीचा तिसरा भाग, 'द अँबर स्पायग्लास', 2000 साली आला. मुलांच्या पुस्तकाला व्हिटब्रेड या ब्रिटिश पुरस्कारांतला 'बुक ऑफ द इयर' पहिल्यांदाच मिळाला, तो याच पुस्तकाला. तरी शेवटावरून वाचक अजून लेखकाच्या नावाने बोटं मोडतात. आता त्यात आमच्या नववीतल्या भाचीची भर. गोखले रोडवर क्लास सुटल्यावर वडापाव खाता खाता माझ्यावरच उखडली, "मावशी, मेलेल्यांना सोडवलं, सगळी जगं वाचवली, आणि यांना काय मिळालं? वर्षातून एकदा बाकावर बसायचं, तेही वेगवेगळ्या जगात!"

बाक म्हणजे ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधला. गोष्टीतली मुलगी लायरा आणि मुलगा विल वेगवेगळ्या जगांतले. लायराच्या ऑक्सफर्डमध्येही तो आहे, विलच्याही. एकमेकांवर जीव जडल्याचं नुकतं कुठे कळलेलं, आणि लगेच निरोप. कायमचा.

लेखक दुष्ट आहे, हे मला मान्य नाही. त्याने हे बिल दुसऱ्या भागापासूनच लावून ठेवलंय. विलचा बाप परक्या जगात अडकतो आणि काही वर्षांत आतून पोखरला जातो. आपलं जग सोडून माणूस फार काळ तगत नाही, हे तिथेच दिसतं. विलच्या सुरीने हवेत खिडकी कापून दुसऱ्या जगात जाता येतं, पण त्या सुरीमुळे चित्तागाझे शहराची काय दशा झाली तेही आपण बघतो. तिसऱ्या भागात फक्त हिशेब पुढ्यात येतो: दर नव्या खिडकीमागे मोठ्या माणसांचा जीव शोषणारा एक स्पेक्टर जन्मतो, आणि उघड्या खिडकीतून धूळ, म्हणजे जाणिवेचे ते कण, गळून जात राहते. सगळ्या खिडक्या बुजवल्या तर फार तर एक उघडी ठेवणं परवडेल.

ती एक आपल्यासाठी ठेवावी, असं दोघांनाही क्षणभर वाटतं. पण ती तर मेलेल्यांना बाहेर पडायला लागणार. मुलांनी स्वतःच्या हाताने उघडलेली. सांगा आता, कुठली बंद करायची?

मृतांच्या जगाची प्रकरणं मी पुन्हा पुन्हा वाचते. सावित्रीने यमाकडून एकाला परत आणलं. लायरा सगळ्यांनाच बाहेर काढते, पण जिवंत करायला नाही, मोकळ्या हवेत विरून जायला. आणि त्यासाठी आधी काय सोडते? जिवाला जीव बांधलेला आपला डीमन पॅन, म्हणजे प्राण्याच्या रूपात सोबत असणारा तिचाच आत्मा. नावाडी त्याला होडीत घेत नाही. पॅन धक्क्यावर एकटा राहतो, होडी निघते, आणि ही पोरगी माघारी फिरत नाही. त्या पानावर माझी मान आपोआप खाली जाते, लोकल कितीही भरलेली असो. पुढे ती सवयीने थापा मारते तेव्हा हार्पी, म्हणजे तिथल्या बाईच्या तोंडाच्या राक्षसी पक्षिणी, तिच्यावर झडप घालतात. मेलेल्या पोरांना ऑक्सफर्डच्या मातीतल्या खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या सांगते तेव्हा त्याच हार्पी गप्प बसून ऐकतात. खोटं बोलून इथवर आलेल्या मुलीसाठी लेखकाने याहून चांगलं काय लिहायला हवं होतं? आणि अशा मुलीच्या शेवटी एक खोटी, सोयीची खिडकी चिकटवायची?

युद्ध मात्र फसलंय. लायराचा बाप लॉर्ड अ‍ॅझ्रिएल देवाविरुद्ध इतकी फौज जमवतो आणि प्रत्यक्ष लढाई गोंधळात उरकते. देवाचा शेवट लोकांना पुचाट वाटतो, मला आवडतो. स्फटिकाच्या पालखीतला जख्खड म्हातारा, मुलं दयेने बाहेर काढतात आणि तो वाऱ्यात विरतो. त्यांना तो कोण हेही ठाऊक नसतं.

'ते पुढे भेटतीलच' म्हणणाऱ्यांसाठी: 2019 साली आलेल्या 'द सीक्रेट कॉमनवेल्थ'मध्ये लायरा विशीत आहे, आणि विलचा पत्ता नाही. 2007च्या सिनेमाने पहिल्याच भागाचा कडू शेवट कापला. त्याचे पुढचे भाग निघालेच नाहीत. टीव्ही मालिकेच्या 2022च्या सीझनने बाक सांभाळला. पण आधी वाचा.

माझ्या प्रती सध्या भाचीकडे आहेत. ठाण्यातल्या कुणाला हव्या असतील तर दिवाळीनंतर मागा. पहिला भाग परत आल्याशिवाय दुसरा मिळणार नाही.