‘पिल्लं एकत्र वाढवा, भांडणार नाहीत’: रागीट माशांबद्दलच्या फिरत्या सल्ल्याला उत्तर

सांगली-मिरजेच्या मासे पाळणाऱ्यांमध्ये व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातोय. तो थोडक्यात असा: ‘रागीट मासे आणायला घाबरू नका. पिल्लं एकत्र वाढवली की ती सख्ख्या भावंडांसारखी राहतात. पोट भरलेलं असलं की मासा दुसऱ्याला मारत नाही. टाकी लहान असली तरी चालते, मासा टाकीएवढाच वाढतो. गर्दी ठेवा, गर्दीत भांडण होत नाही. सोबत एक सकर (तोंडाने काचेला चिकटणारा मासा) टाका, टाकी आपोआप स्वच्छ राहते.’

लिहिणाऱ्याचा हेतू नवशिक्यांना धीर देण्याचा असेल. पण यावर विसंबून ऑस्कर, कॉन्व्हिक्ट, एंजल आणि टायगर बार्ब असे मासे एकाच टाकीत सोडले जातात आणि काही महिन्यांत त्यातले निम्मे कोपऱ्यात अंग चोरून, शेपट्या कुरतडलेल्या अवस्थेत दिसतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा भावंडांचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. दुकानात दीड-दोन इंचाची ऑस्करची पिल्लं खरोखर गुण्यागोविंदाने फिरत असतात. ती एकमेकांना ओळखतात म्हणून नव्हे, तर अजून वयात आलेली नाहीत म्हणून. ऑस्कर, एंजल, कॉन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी, फायरमाऊथ हे सगळे सिक्लिड कुळातले. बहुतेक मासे अंडी सोडून मोकळे होतात. सिक्लिड अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. राखण करायची तर जागा हवी, आणि जागा हवी तर बाकीच्यांना तिथून हाकलणं आलं. त्यांचा राग इथून सुरू होतो. तो संगतीने येत नाही आणि संगतीने जातही नाही.

कॉन्व्हिक्ट तर बोटाच्या दोन पेरांएवढा असतानाच जोडी जमवतो. दोन फुटी टाकीत एक जोडी जमली की ती टाकी त्या जोडीची झाली असं समजा. मध्य अमेरिकेतल्या ओढ्यात हरलेला मासा चार हात लांब निघून जातो आणि भांडण तिथेच संपतं. काचेच्या आत त्याला जायला जागाच नसते, म्हणून तेच भांडण जिवावर बेततं.

एंजलची पैदास करणारे काय करतात ते बघा. ते सहा-आठ पिल्लं मुद्दाम एकत्र वाढवतात, कारण नर-मादी बाहेरून सहजी ओळखू येत नाहीत. मग त्यातली एक जोडी आपणहून जमते, पानावर किंवा फिल्टरच्या नळीवर जागा धरते आणि बाकीच्यांना कोपऱ्यात दाबते. तसं दिसलं की जोडी वेगळ्या टाकीत हलवतात. म्हणजे एकत्र वाढलेली पिल्लं मोठेपणी भांडणार हे धरूनच त्यांचं काम चालतं. एका ताटात जेवलेले भाऊ बांधावरून कोर्टात जातात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, तसंच हे.

आपल्या नदीतही हे दिसतं. १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिकचा चिलापी याच सिक्लिड कुळातला. विणीच्या काळात त्याचा नर उथळ पाण्यात तळाशी गोल खड्डा करतो आणि दुसऱ्या नराला जवळ येऊ देत नाही. काठावर गळ टाकून बसणाऱ्यांना हे खड्डे चांगले माहीत आहेत.

‘पोट भरलेलं असलं की मारत नाही’ यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. एक म्हणजे खाणं. तिथे साधा हिशेब तोंडाचा: जो मासा तोंडात मावतो तो आज ना उद्या जातो, पोट भरलेलं असो वा नसो. एंजलसोबत सोडलेले निऑन टेट्रा एंजल लहान असेपर्यंत टिकतात, मग रोज रात्री एखादा कमी होतो. दुसरी गोष्ट म्हणजे हद्द, आणि तिचा भुकेशी संबंधच नाही. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतात तेही भुकेने नाही. ते त्यांच्या टोळीतल्या मानापमानाचं भांडण असतं. आठ-दहा जण असले की ते आपसात फेडून घेतात, तीन-चारच असले की एंजल, गुरामी, फायटर अशा लांब पंखवाल्यांच्या मागे लागतात. तेव्हा बार्ब ठेवायचे तर टोळीने ठेवा, आणि लांब पंखवाले तिथे नकोतच.

उलट, राग कमी व्हावा म्हणून जास्त खायला घातलं की पाणी बिघडतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये घरातल्या टाकीचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. त्यात उरलेलं खाणं कुजतंय, दुपारी वीज जाऊन फिल्टर बंद पडलाय, आणि गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन तर जास्त लागतो. अशा टाकीत दबलेला मासा सगळ्यात आधी मरतो आणि आपण म्हणतो उन्हाळा बाधला.

‘टाकीएवढाच वाढतो’ हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरं, पण ती साचलेल्या घाणीने आणि ताणाने खुंटते. तो आजार आहे. ऑस्कर फूटभर होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. हिशेब करून बघा: एक घनफूट म्हणजे २८ लिटर पाणी. दोन बाय एक बाय एकची टाकी ५६ लिटरची. चार बाय दीड बाय दीडची जवळजवळ २५५ लिटरची, आणि ती एका ऑस्करला जेमतेम पुरते. दुकानातलं पिल्लू बघून सोबती ठरवू नका, दोन वर्षांनी केवढा होईल ते विचारून ठरवा.

गर्दीचा मुद्दा मात्र सगळाच खोटा नाही. आफ्रिकेतल्या मलावी तलावाच्या खडकांत राहणाऱ्या म्बुना जातीच्या सिक्लिडांमध्ये तो चालतो. संख्या जास्त असली की पाठलाग एकावरच न राहता सगळ्यांत वाटला जातो. पण त्यासाठी तगडा फिल्टर, एका नरामागे तीन-चार माद्या, दगडांच्या भरपूर कपारी आणि सात पूर्णांक आठच्या वर पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कतेचं माप) असलेलं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी लागतं. आपल्याकडच्या बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं, ही एक जमेची बाजू. हीच युक्ती ऑस्कर किंवा जॅक डेम्प्सीवर केली की फक्त घाण वाढते. म्बुना आणि ऑस्कर एकत्र ठेवणंही चुकीचंच, कारण म्बुना शेवाळ खाणारे आहेत आणि ऑस्करच्या मांसाहारी खाण्याने त्यांचं पोट फुगतं.

सकरबद्दल थोडक्यात. तो फूट-दीड फूट वाढतो, स्वतःच ढीगभर विष्ठा टाकतो आणि रात्री एंजल, डिस्कससारख्या चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. लहान सकर ऑस्करने गिळायला घेतला तर त्याचे काटे घशात अडकून दोघेही जातात.

मग काय जमतं? चार फुटी टाकीत फायरमाऊथची जोडी आणि वरच्या पाण्यात आठ-दहा जायंट डॅनिओ. फायरमाऊथ लाल गळा फुगवून धमकावतो खूप, चावतो कमी. डॅनिओ आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही सापडणारे, चपळ, हाती न लागणारे. ते बिनधास्त फिरताना दिसले की खालचे सिक्लिडही निवांत होतात. एंजलसोबत काँगो टेट्रा आणि तळाला कोरीडोरास. ऑस्करला सोबत द्यायचीच तर त्याच्या तोंडात न मावणारे सिल्व्हर डॉलर, पण सहा फुटी टाकी असेल तरच. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवा. तो माणसाने संकरातून तयार केलेला मासा आहे आणि त्याला सोबती खपत नाही.

सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी शांत मासे, सगळ्यात शेवटी रागीट, कारण जो आधी आला तो जागेचा मालक होतो. रागीट मासा आधीपासून टाकीत असेल तर नवीन सोडण्यापूर्वी दगड आणि झाडं हलवून सगळ्यांच्या हद्दी मोडा, दिवा रात्रभर बंद ठेवा आणि पुढचे दोन-तीन दिवस नीट बघा. पंख मिटून वरच्या कोपऱ्यात उभा राहणारा, रंग काळवंडलेला, खायला न येणारा मासा दिसला की वाट बघू नका. मध्ये काच घाला किंवा त्याला दुसऱ्या टाकीत हलवा. दुसरी टाकी नसेल तर दुकानदाराला परत द्या, ओळखीतल्या कुणाला द्या. घाटावर जाऊन कृष्णेत मात्र सोडू नका. चिलापी नदीत गेला तो परत निघाला नाही, आणि सकरही निघणार नाही.